ठासणीच्या बंदुकीचा नेम

'ठासणीची बंदूक' हा शब्द ज्याच्या कानांवरून गेला नाहीं असें मराठी घर विरळाच असेल. रानडुकरें आणि वानरें यांपासून पिकाचें रक्षण करण्यासाठीं ती कोंकणांत अजूनहि कोठें कोठें शेतकऱ्याच्या घरीं आढळते, आणि १९५९ च्या शस्त्र-कायद्यांत पीकसंरक्षणासाठीं अशा बंदुकीच्या परवान्याची वेगळी तरतूद आहे. शहरांत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना मात्र ती माहीत असते ती वस्तुसंग्रहालयांतील कांचेच्या पेटीमुळें. आज मला तिच्या लढायांविषयीं बोलावयाचें नाहीं. मला एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचा उलगडा करावयाचा आहे. बंदूक तीच, माणूस तोच, निशाणहि तेंच. मग पहिली गोळी एका जागीं आणि दुसरी तिच्यापासून वीतभर दूर कां पडते? आणि दोन्ही एकाच जागीं पडाव्या म्हणून काय करावें लागतें?

हा प्रश्न केवळ हौशी नेमबाजांच्या करमणुकीचा आहे असें कोणी समजूं नये. अमेरिकेंतील बहुतेक राज्यांत ठासणीच्या बंदुकीनें शिकार करणारांसाठीं स्वतंत्र हंगाम ठेवलेला असतो, आणि तेथें हजारों लोक दरवर्षीं ती हातीं घेऊन रानांत जातात. या बंदुकींत एका वेळीं एकच बार असतो. तो चुकला तर दुसरा भरावयास सरावलेल्या हातालाहि अर्धें मिनिट लागतें. तेवढ्या अवधींत जखमी हरीण झाडींत दिसेनासें होतें आणि पुढें दोन दिवस तडफडत राहतें. तेव्हां आपली गोळी नक्की कोठें जाणार हें आधीं ठाऊक असणें हा तेथें कौशल्याचा नव्हे, तर माणुसकीचा प्रश्न होतो.

काडतुसाची बंदूक आणि ठासणीची बंदूक यांतील मुख्य भेद असा, कीं काडतुसाचें बहुतेक काम कारखान्यांत आधींच उरकलेलें असतें. दारू किती, गोळी किती वजनाची, ती किती घट्ट बसवावयाची, हें सारें यंत्रानें ठरविलेलें असून नेमबाजाकडे शिस्त धरून चाप ओढणें एवढेंच उरतें. ठासणीच्या बंदुकींत हा सारा कारखाना नेमबाजाच्या दोन हातांत येतो. त्यानें मापानें दारू घेऊन ती नळीच्या तोंडांतून ओतावयाची; तेलकट कापडाच्या चकतींत धरलेली शिशाची गोळी तोंडावर ठेवून गजानें तळापर्यंत दाबावयाची; आणि शेवटीं कानांत रंजक घालावयाचें किंवा मागील छिद्रावर तांब्याची टोपी बसवावयाची. प्रत्येक बार हा अशा रीतीनें नव्यानें घडविलेला जिन्नस असतो. दोन बारांत जो फरक पडेल तो फरक निशाणावर उमटतो.

आतां थोडें मागें जाऊं. बेंजामिन रॉबिन्स नांवाच्या इंग्रज गणित्यानें १७४२ सालीं तोफविद्येवर एक ग्रंथ लिहिला. जड लांकडी फळा लंबकासारखा टांगून त्यावर गोळी झाडावयाची आणि फळा किती मागें झोकावतो हें मोजून गोळीचा वेग काढावयाचा, ही युक्ति त्याच्याच नांवावर मोडते. गोळीच्या मार्गांत एकामागें एक कागदी पडदे लावून त्यानें असेंहि दाखविलें, कीं साध्या, गुळगुळीत नळींतून सुटलेली वाटोळी गोळी केवळ खालींच येते असें नव्हे, तर ती डावीउजवीकडेहि वळते. नळींतून बाहेर पडतांना ती ज्या बाजूस घांसते त्याप्रमाणें तिला गिरकी मिळते, आणि ही गिरकी दर वेळीं निराळी असते. यावर उपाय एकच: नळीच्या आंत पिळाचे खांचे पाडून गोळीला तिच्या प्रवासाच्या रेषेभोंवतीं ठरीव गिरकी द्यावयाची. फिरत्या भोंवऱ्याची आर जशी सहजासहजीं कलत नाहीं, तशी अशी गोळी आपली दिशा सोडीत नाहीं. हाच रॉबिन्स पुढें कंपनीचा मुख्य इंजिनियर म्हणून आपल्या देशांत आला आणि १७५१ सालीं मद्रासेकडील फोर्ट सेंट डेव्हिड येथें वारला.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. आपल्याकडील बहुतेक ठासणीच्या बंदुका गुळगुळीत नळीच्या असतात. त्यांत दारूचें प्रमाण कितीहि बदललें, वर कितीहि उत्तम दुर्बीण बसविली, तरी पन्नासएक यार्डांपलीकडे एका गोळीचा भरंवसा देतां येत नाहीं. येथून पुढें मी जें सांगणार आहे तें पिळाच्या नळीविषयीं आहे.

पिळाचा शोध जुना असूनहि सैन्यांत तो लवकर कां आला नाहीं? याचें उत्तर काळ्या दारूंत आहे. सोरा ७५ भाग, कोळसा १५ भाग आणि गंधक १० भाग अशी ही दारू. परंतु ती जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग धुरांत आणि नळीच्या भिंतीवर घन रूपानें मागें राहतो. या काजळीला हवेंतील ओलावा ओढून घेण्याची खोड आहे. दोनचार बार झाले कीं नळी आंतून अरुंद होते. गोळी पिळांत घट्ट बसावी तर ती काजळलेल्या नळींतून खालीं जात नाहीं. सहज जावी म्हणून ढिली ठेवावी तर पीळ तिला पकडीत नाहीं. फ्रान्सच्या मिनिए यानें १८४९ सालीं बुडाशीं पोकळ असलेली लांबट गोळी काढून हा पेंच सोडविला. ही गोळी भरतांना ढिली असते आणि बार उडतांना तिचें बूड फुगून पिळांत बसतें. याच तत्त्वावर इंग्रजांनीं १८५३ सालची एनफील्ड बंदूक सिद्ध केली. तिच्या काडतुसाचा कागद नळींतून सरकावा आणि काजळी मऊ राहावी म्हणून त्याला चरबी लावलेली असे. ती चरबी गाईची व डुकराची आहे, ही वार्ता १८५७ च्या जानेवारींत डमडमच्या छावणींतून पसरली, आणि पुढें काय झालें तें आपणांस ठाऊकच आहे. असंतोषाचीं कारणें पुष्कळ व खोल होतीं. परंतु ठिणगी पडली ती या वंगणावर, आणि हें वंगण लागत होतें तें नळींतील काजळीमुळें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

एनफील्ड बंदुकी यंत्रावर कशा घडवाव्या याचा सल्ला विचारण्यासाठीं १८५४ सालीं इंग्रज सरकार मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थ यांच्याकडे गेलें. स्क्रूच्या 'व्हिटवर्थ' आट्यांमुळें हें नांव आपल्याकडील कारागिरांनाहि परिचित आहे. व्हिटवर्थ यांनीं उत्तर दिलें तें मोठें मार्मिक होतें. बंदूक कशी बनवावी हें सांगण्यापूर्वीं चांगली बंदूक म्हणजे काय हें मला प्रयोगानें ठरवूं द्या, असा त्याचा आशय होता. त्यांनीं आपल्या घराच्या आवारांत ५०० यार्ड लांबीचा छप्पर असलेला एक बोळ बांधविला. हेतु हा, कीं वाऱ्याचा झोत गोळीला लागूं नये. पहिला बोळ वादळानें पाडला, तो पुन्हां उभारला आणि १८५५ च्या मार्चांत प्रयोगांना खरा आरंभ झाला. गोळीच्या वाटेवर पातळ कागदाचे पडदे, बंदूक घट्ट बैठकीवर, आणि एका वेळीं एकाच गोष्टींत बदल, ही त्यांची पद्धत. निरनिराळे पीळ, निरनिराळ्या लांबीच्या गोळ्या आणि नळीचे निरनिराळे व्यास त्यांनीं तपासले.

निष्कर्ष असा निघाला: एनफील्डच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच, आणि तिचा पीळ ७८ इंचांत एक वळसा घेणारा. व्हिटवर्थ यांनीं व्यास ०.४५१ इंचांवर आणला, पीळ २० इंचांत एक वळसा इतका तीव्र केला, नळी आंतून षट्कोनी ठेविली, आणि गोळीचें वजन मात्र ५३० ग्रेन हें एनफील्डइतकेंच राखलें. तितकेंच शिसें बारीक नळींत घालावयाचें म्हणजे गोळी लांब होणार. लांब गोळी हवा चांगली कापते, परंतु ती कलंडूं नये म्हणून तिला अधिक वेगाची गिरकी लागते. १८५७ सालीं हाइथ येथें दोन्ही बंदुकांची परीक्षा झाली. ५०० यार्डांवर एनफील्डच्या गोळ्या आपल्या पुंजक्याच्या मध्यापासून सरासरी २७ इंचांच्या आसपास पडल्या, तर व्हिटवर्थच्या सुमारें ४.५ इंचांवर. १,४०० यार्डांवर एनफील्डचें मोजमाप घेणेंच सोडून द्यावें लागलें. पुढें १८६० च्या जुलैंत विंबल्डन येथें राणी व्हिक्टोरिया हिनें बैठकीवर पक्क्या बसविलेल्या व्हिटवर्थ बंदुकीच्या चापाची रेशमी दोरी ओढली, तेव्हां ४०० यार्डांवरील निशाणाच्या मध्याशीं, सुमारें दीड इंचांच्या आंत, गोळी लागली.

आजचा नेमबाज आपल्या बंदुकीचा योग्य बार शोधतो तो व्हिटवर्थ यांच्याच वाटेनें. प्रथम तो गोळी निवडतो, आणि ती नळीच्या पिळाशीं जुळते कीं नाहीं हें पाहतो. सामान्य नियम असा: वाटोळ्या गोळीला मंद पीळ मानवतो, म्हणजे साधारण ६० इंचांवर एक वळसा; लांबट गोळीला तीव्र पीळ लागतो, म्हणजे ३० इंचांच्या आसपास किंवा त्याहूनहि कमी. हें लग्न मुळांत न जुळल्यास पुढील सारी खटपट वायां जाते.

त्यानंतर दारूचें प्रमाण. दारूचें माप ग्रेनांत सांगतात. आपल्या जुन्या तोळ्याचे १८० ग्रेन होतात, म्हणजे ९० ग्रेन दारू ही अर्धा तोळा झाली. काळी दारू आणि तिच्याऐवजीं वापरावयाच्या कृत्रिम दारू यांचें वजन सारख्या मापांत सारखें भरत नाहीं. म्हणून अशी बदली दारू तिच्या कारखानदारानें सांगितल्याप्रमाणें, बहुधा मापानेंच, घ्यावयाची असते. येथें एक इशारा दिल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. काडतुसांतील बिनधुराची दारू साध्या ठासणीच्या बंदुकींत कधींहि घालूं नये. तिचा दाब या नळीला सोसत नाहीं. नळी फुटते आणि हात किंवा डोळा जातो. तसेंच बंदुकीच्या कारखानदारानें जी कमाल मर्यादा घालून दिली असेल ती ओलांडावयाची नाहीं.

समजा, नळी अर्ध्या इंचाची असून कारखानदारानें ६० ते ९० ग्रेनांची मुभा दिली आहे. नेमबाजानें ६० पासून आरंभ करावा. बंदूक वाळूच्या पिशव्यांवर टेंकवून ५० यार्डांवरील निशाणावर पांच गोळ्या झाडाव्या. मग ६५, मग ७०, अशा पांच-पांच ग्रेनांच्या पायऱ्यांनीं वर चढावें आणि प्रत्येक पायरीला नवा कागद लावावा. या वेळीं गोळ्या निशाणाच्या मध्याला लागतात कीं नाहीं इकडे मुळींच लक्ष देऊं नये. पाहावयाचें तें एवढेंच, कीं पांच गोळ्या एकमेकींच्या किती जवळ आहेत. पुंजका मध्यापासून दूर असणें हा दोष दृष्टियंत्र सरकवून दूर होतो. पुंजकाच विखुरलेला असणें हा दोष कोणत्याहि दृष्टियंत्रानें जात नाहीं. विद्यार्थ्यांना गणित शिकवितांना सरासरी आणि विखुरणें या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हें पटविण्यास पुष्कळ वेळ लागे. निशाणाचा कागद तें एका दृष्टिक्षेपांत शिकवितो.

तीन गोळ्यांच्या पुंजक्यावर मात्र विसंबूं नये. तीन गोळ्या जवळजवळ पडणें हा पुष्कळदां निव्वळ योगायोग असतो. जो बार उत्तम वाटला तो दुसऱ्या एखाद्या दिवशीं, निराळ्या हवेंत, पुन्हां झाडून पाहावा. दोन्ही दिवशीं जो टिकला तो आपला. बहुधा असें दिसून येतें, कीं सर्वांत जास्त दारूचा बार सर्वांत नेमका नसतो. वाटोळ्या गोळीच्या बाबतींत तर जास्त दारूचा लाभहि थोडाच. ती हवेंत फार लवकर मंदावते. पहिल्या १०० यार्डांत तिचा वेग शेंकडा ४० च्या आसपास घटतो, आणि मारा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत असल्यामुळें मूळ माऱ्याचा जवळजवळ तिसरा हिस्साच उरतो. म्हणून विचारी शिकारी अंतर कमी करतो, दारू वाढवीत नाहीं.

दारूचें माप ठरलें तरी आणखी तीन गोष्टी दर वेळीं एकसारख्या ठेवाव्या लागतात. पहिली, गोळी तळापर्यंत गेली पाहिजे. दारू आणि गोळी यांमध्यें पोकळी राहिली तर नेम तर बिघडतोच, पण नळीलाहि धोका पोहोंचतो. यासाठीं गोळी नीट बसली असतां गज नळीच्या तोंडाशीं जेथें येतो तेथें त्यावर खूण करून ठेवावी. पुढें प्रत्येक बाराला ती खूण तोंडाशीं आली म्हणजे काम झालें. गज आपटून आपटून दारू चुरडावयाची नाहीं. सारख्या जोरानें दाबावयाचें. दुसरी गोष्ट काजळीची. प्रत्येक बारानंतर किंचित् ओलसर कापड एकदां आणि कोरडें कापड एकदां फिरविलें, तर पांचवी गोळीहि पहिलीसारखीच नळी पाहते. तिसरी गोष्ट चापाची. चाप सुटल्यापासून बार उडेपर्यंत, विशेषतः चकमकीच्या बंदुकींत, जो क्षण जातो त्यांत हात हलतां कामा नये. बार उडाल्यावरहि क्षणभर माशी निशाणावरच धरून ठेवण्याची संवय लावून घ्यावी.

एवढें झाल्यावर दुर्बिणीचा विचार करावयाचा, आधीं नव्हे. ठासणीच्या बंदुकीला दुर्बीण लावणें ही आजची टूम आहे असें वाटेल, पण तसें नाहीं. डेव्हिडसन नांवाचा मुंबई सैन्यांतील एक अधिकारी हिंदुस्थानांत असतांनाच शिकारी बंदुकीवर दुर्बीण बसविण्याच्या खटपटींत होता. पुढें त्याच्या नांवाची दुर्बीण व्हिटवर्थ बंदुकीच्या डाव्या अंगाला बसवूं लागले. दुर्बीण नेम सुधारीत नाहीं, ती नजर सुधारते. साध्या दृष्टीला माशी, मागील खांच आणि निशाण अशा तीन निरनिराळ्या अंतरांवरील वस्तु एकदम स्पष्ट पाहाव्या लागतात, आणि साठीकडे झुकलेल्या डोळ्याला तें साधत नाहीं. दुर्बिणींत निशाण आणि तारांची फुली एकाच पातळीवर दिसतात. एवढाच तिचा लाभ, पण तो लहान नव्हे.

दुर्बीण बसवितांना पहिली काळजी पक्केपणाची. साफसफाईसाठीं ज्या बंदुकीची नळी कुंद्यापासून वेगळी होते तिची दुर्बीण नळीवरच बसविली पाहिजे. कुंद्याला जोडलेली दुर्बीण नळी पुन्हां घालतांच आपली जागा सोडते. स्क्रूंवरील तेल पुसून ते आळीपाळीनें, सारख्या जोरानें आंवळावे. दुसरी काळजी डोळ्याची: दुर्बिणीचें मागील टोंक डोळ्यापासून तीनचार इंच दूर असावें, नाहींतर बंदुकीचा धक्का भुवई फोडल्यावांचून राहत नाहीं. तिसरी गोष्ट अशी, कीं डोळा किंचित् बाजूस नेला असतां फुली निशाणावरून सरकल्यासारखी दिसते. गांवच्या रस्त्यावरून जातांना जवळचें झाड दूरच्या डोंगरावरून सरकतांना दिसतें तशापैकींच हा प्रकार. म्हणून गाल कुंद्यावर दर वेळीं एकाच ठिकाणीं टेंकला पाहिजे.

आतां पुंजका मध्याला कसा आणावयाचा तें पाहूं. एका अंशाचे ६० भाग केले तर त्यांतील एक भाग, म्हणजे एक कला, १०० यार्डांवर सुमारें एक इंच व्यापते. बहुतेक दुर्बिणींची कळ एका टिचकीला पाव कला सरकते, म्हणजे १०० यार्डांवर पाव इंच आणि ५० यार्डांवर एक अष्टमांश इंच. पांच गोळ्यांच्या पुंजक्याचा मध्य ५० यार्डांवर तीन इंच खालीं आणि दोन इंच डावीकडे आहे असें समजूं. तीन इंचांना २४ टिचक्या वर आणि दोन इंचांना १६ टिचक्या उजवीकडे द्याव्या, कीं झालें. हिशेब पुंजक्याच्या मध्याचा करावयाचा, एका गोळीचा नव्हे. दर गोळीमागें कळ फिरविणारा माणूस योगायोगाचा पाठलाग करीत राहतो. शेवटीं कळ वर, उजवीकडे, खालीं आणि डावीकडे सारख्या टिचक्यांनीं फिरवून मूळ ठिकाणीं आणावी आणि गोळी पूर्वीच्याच जागीं लागते कीं नाहीं हें पाहावें. न लागल्यास ती दुर्बीण कितीहि महाग असो, भरंवशाची नाहीं. अमेरिकेंतील कोलोराडोसारख्या कांहीं राज्यांत ठासणीच्या हंगामांत दुर्बीण वापरण्यास मनाई आहे. तेथें हीच सारी कृति साध्या दृष्टियंत्रावर करावी लागते.

एवढी नेमकी व्हिटवर्थ बंदूक इंग्रज सैन्यानें स्वीकारली असेल असें आपणांस वाटेल. परंतु तिचा स्वीकार झाला नाहीं. बारीक नळींत काजळी लवकर दाटे आणि बंदूक घडविण्यास खर्चहि फार येई. छपराखालच्या बोळांत, स्वच्छ नळीनें, शांत मनानें जें साधतें तें रणांगणावर घाईंत वीस बार भरणाऱ्या शिपायाला साधणार नाहीं, हा समितीचा हिशेब चुकीचा म्हणतां येत नाहीं. त्याच बंदुकी थोड्या संख्येनें अमेरिकेंतील यादवी युद्धांत दक्षिणेकडील निवडक नेमबाजांच्या हातीं गेल्या. ९ मे १८६४ रोजीं स्पॉटसिल्व्हेनिया येथें उत्तरेचा सेनापति जॉन सेजविक दुरून आलेल्या एका गोळीनें पडला. ती गोळी व्हिटवर्थची होती असें सामान्यतः मानलें जातें. शत्रु इतक्या दूर आहे कीं आपल्याला भय नाहीं, असें तो आपल्या सैनिकांना सांगत होता.

आज ही विद्या मुख्यतः खेळाची राहिली आहे. अमेरिकेंत ठासणीच्या बंदुकीच्या नेमबाजांची राष्ट्रीय संस्था १९३३ पासून चालू आहे, आणि अनेक देशांच्या नेमबाजांचे आंतरराष्ट्रीय सामनेहि होतात. आपल्याकडे वन्य प्राण्यांची शिकार १९७२ च्या कायद्यानें बंद झाली, हें योग्यच झालें. परंतु ज्या शेतकऱ्याच्या हातीं पीक राखण्यासाठीं परवान्याची बंदूक आहे, त्याला आणि ज्याच्या हातीं कधींच बंदूक येणार नाहीं अशा आपल्यालाहि, या विद्येंतील पद्धत घेण्यासारखी आहे. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. जें केलें तें तारीख, हवा आणि माप यांसह वहींत लिहावें. विखुरणें आधीं आवरावें आणि मग मध्याकडे वळावें. आणि आपली गोळी किती अंतरापर्यंत खात्रीनें जाते हें एकदां वहीवरून ठरलें, म्हणजे त्यापलीकडे सजीव प्राणी उभा असतां चापावरील बोट काढून घ्यावें.